ऱ्हाईनचा तेरावा बाक

मुरल्या, गावाच्या हिशोबानं तुझा कावळा शिवला नाही.

हे मीच आधी सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तू म्हणशील, आबानं लपवलं. मांजरा नदीच्या काठावर तुझ्या दहाव्याला हजार माणूस होतं. बरं, भाग दहानं. शंभर तरी होतंच, मी जीपच्या टपावर चढून पाहिलंय. पिंड मांडला, सगळे मागं सरले, आणि समोरच्या बाभळीवर दोनशे कावळे, म्हणजे वीस, मान वाकडी करून आमच्याकडं बघत बसले. एक खाली येईना.

वहिनी पुढं झाल्या. पदर सावरून म्हणाल्या, "माझी काळजी करू नका. मी हाय खंबीर." कावळे गप्प. मग स्वाती पुढं झाली. पोर जर्मनीहून आलेली, डोळे सुजलेले, अंगावर अजून विमानातलाच स्वेटर. "अप्पा, मी आईला एकटं ठेवणार न्हाई." गप्प. तुझा चुलतभाऊ बांधावरून तुझ्याशी कित्येक वर्षं बोलला नव्हता. तो हात जोडून म्हणाला, "दादा, बांध तुमचा. तुमी म्हणताल तिथं." तेव्हा एका कावळ्यानं पंख झाडले आणि त्याच्याकडं पाठ केली. हेडमास्तर म्हणाले, शाळेत तुझ्या नावानं नकाशांची खोली करू. सलीम फळवाल्यानं धारूरचं सीताफळ फोडून पिंडाशेजारी ठेवलं. त्याला मुंग्या लागल्या.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. तुझा चुलतभाऊच म्हणाला, "आबा, तुमचा जिगरी व्हता. तुमाला ठाव असंल काय ऱ्हायलंय त्यांचं."

मला ठाव होतं. पण ते असं होतं की पिंडासमोर बोललो असतो तर शंभराची शंभर माणसं हसली असती. मी खाली बघत राहिलो. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला, त्याची चोच पिंडाला टेकवली आणि म्हणाले, झालं.

तू जन्मभर या सगळ्याला थोतांड म्हणालास. मग इतका हट्ट कशाला धरलास? ज्याचा विश्वास नाही त्यानं पटकन शिवून मोकळं व्हावं, लोकांना घरी जाऊ द्यावं.

घरी तरी कोण गेलं म्हणा. मी तर तू गेलास त्या दिवसापासून तुझ्याच फाट्यावर अडकलोय.

तुला आठवतं, आपण केजला एका वर्गात होतो. तू पुढं भूगोलाचा मास्तर झालास, मी जीप घेतली. केज ते नेकनूर. तू रोज सकाळी फाट्यावर चढायचास, संध्याकाळी फाट्यावर उतरायचास, आणि पुढची डावीकडची सीट तुझी. तिथं आमदार बसला असता तरी मी उठवला असता. एकदा उठवलाही होता. बरं, आमदाराचा ड्रायव्हर होता. बरं, त्याचा मेहुणा. त्या सीटवर बसून तू माझ्या गोष्टी भागायचास. मी सांगायचो, काल घाटात लांडगा आडवा आला, घोड्याएवढा. मागची माणसं श्वास धरून बसायची, आणि तू खिडकीबाहेर बघत म्हणायचास, "घोड्याला दहानं भाग. मांजर हुतं ते." माझी एकही गोष्ट तू खरी मानली नाहीस. आणि एकही गोष्ट चुकवली नाहीस. सुट्टीच्या दिवशीसुद्धा काहीतरी निमित्त काढून फाट्यावर उभा असायचास. असा ऐकणारा मला पुन्हा मिळायचा नाही.

पण मुरल्या, खरं थापाड्याचं काम तर तू करायचास, फळ्यासमोर.

मी एकदा तुझा विसरलेला डबा द्यायला शाळेत आलो होतो आणि खिडकीत उभा राहिलो. तुझ्या वर्गात तेरा बाक होते, एका मागं एक. पुस्तकात जर्मनीची ऱ्हाईन नदी तेराशे वीस किलोमीटर होती. शंभर किलोमीटरला एक बाक, वरचे वीस तू दाराच्या उंबऱ्याला दिले होतेस. हा मेळ तुला दैवी वाटायचा. तू मला म्हणाला होतास, "बघ बे, स्वित्झर्लंडच्या बर्फापासून समुद्रापर्यंत नदी बरोबर आपल्या खोलीत मावती."

पहिल्या बाकावर बर्फाचे डोंगर. दुसऱ्यावर मोठं सरोवर, त्यात नदी शिरते आणि दुसऱ्या टोकानं निवळून निघते. चौथ्यावर बाझल, तिथं ती उत्तरेला वळते. सहाव्यावर मॅनहाइम, सातव्यावर माइन्झ, तिथं उपनद्या येऊन मिळतात. आठव्या बाकाला तू आवाज खाली आणायचास. तिथं नदी दोन कड्यांच्या मधे अरुंद होते, तळाला खडक, वर पडके किल्ले. जुन्या काळी तिथं बोटी फुटायच्या आणि लोक म्हणायचे, कड्यावर बसून कुणी बाई गाते, तिच्याकडं बघितलं की नावाडी वल्हं विसरतो. आठव्या बाकावरची पोरं उगाच मागं वळून बघायची. नववा बाक कोलोन, दहावा कोळशाचा आणि लोखंडाचा. मग हॉलंड, तिथं नदीला फाटे फुटतात आणि ती आपलं नावसुद्धा हरवून बसते. तेरावा बाक म्हणजे समुद्राचं तोंड.

आणि पहिल्या बाकावरून तू पाण्यानं भरलेला पितळी तांब्या सोडायचास. तो हातोहात मागं जायचा. तांब्या ज्याच्या हातात, त्यानं आपल्या बाकावरच्या गावाचं सांगायचं.

इतिहासही तू असाच पाजलास. डाव्या काठाला रोमन फौजा, उजव्या काठाला टोळ्या, मधे नदी म्हणजे हद्द. पुढं त्याच नदीसाठी फ्रान्स आणि जर्मनी किती वेळा लढले याचा हिशोब नाही. "जशी आपली सीना," तू म्हणायचास. "अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज. पाण्याला ठाव नसतं आपण कुणाची हद्द हाय ते." किल्लेवाले सरदार नदीतनं जाणाऱ्या बोटी अडवून जकात घ्यायचे, हे ऐकून मी जीपमधे म्हणालो होतो, त्यात काय एवढं, माझा आज्जा कडा गावाजवळच्या करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर शिपाई होता, त्यानं निजामाच्या हद्दीत शिरणाऱ्या वाऱ्याला अडवून जकात घेतली होती. तू म्हणालास, "वाऱ्याला दहानं भागलं तर काय ऱ्हातं बे?" मी म्हणालो, फुंकर. त्या दिवशी तू हसलास. तू हसायचास तेव्हा आवाज यायचा नाही, फक्त सीट हलायची.

आजही केजच्या बाजारात कुणी "ए कोलोन" म्हणून हाक मारली की सलीम फळवाला मान वर करतो. एसटी स्टँडसमोरच्या पंक्चरवाल्याला त्याची बायकोही बाझल म्हणते. त्याला आता कुणी बाझल कुठं आहे म्हणून विचारलं तर तो आपल्या दुकानाकडं बोट दाखवेल. सुमन कंडक्टर तेराव्या बाकावर होती. तिला कुणी समुद्र म्हणत नाही, पण तिच्या बसमधे गर्दी झाली की तूच म्हणायचास, समदं पाणी तिथंच येऊन मिळणार.

मग स्वाती नर्स होऊन खरोखरच कोलोनला गेली. तू म्हणालास, आता मरायला हरकत न्हाई, नदी बघून येतो. तू आणि वहिनी त्या उन्हाळ्यात गेलात.

तुझा फोन आला तेव्हा मी केजला गाडी भरत होतो. तुझा चेहरा पडद्यावर मावत नव्हता. "आबा, बघ बे," म्हणालास आणि फोन नदीकडं फिरवलास. मला वाटलं होतं, समुद्र दिसेल. दिसली वाळू. काठ उघडा पडलेला, बोटी अर्ध्या मालानं हळूहळू चाललेल्या, माणसं पात्रात उतरून फिरत होती. तू एका दगडाजवळ गेलास. त्यावर कुणी कधीकाळी साल कोरलेलं होतं. तू सांगितलंस, जुन्या लोकांनी नदी जितकी खाली गेली तिथल्या दगडावर ते वर्ष कोरून ठेवलंय. त्याला ते लोक भुकेचा दगड म्हणतात. तो दिसला की समजायचं, पुढं खायचे वांधे आहेत.

मी म्हणालो, "आपल्याकडं असे दगड कोरायचे म्हटलं तर पाथरवटांच्या छिन्न्या झिजून जातील."

तू हसला नाहीस. "मला वाटलं हुतं बे, ही एक नदी तरी..." एवढंच बोललास.

आणि तेव्हा मला तुझ्यामागं पाण्यात कुणीतरी उभं दिसलं. गुडघाभर पाण्यात, पांढरा सदरा, आमच्याकडं पाठ. उभं राहण्याची ढब तुझी. मी विचारलं, "मागं कोण हाय?" तू वळून बघितलंस. "कुणी न्हाई." आणि फोन कटला. यातलं काही भागू नकोस. एकच माणूस होता.

त्यानंतर तुझा फोन आठवडाभर आला नाही. पुढं स्वातीनं सांगितलं. तिच्या ओळखीचा एक म्हातारा नावाडी तुम्हाला नदीवर फिरवायला घेऊन गेला होता. तू उत्साहानं म्हणालास, तेराशे वीस किलोमीटर. तो म्हातारा हसून म्हणाला, बाराशे तीस. कुणीतरी फार पूर्वी आकडे उलटे लिहिले, पुढच्यानं त्याचं बघून लिहिलं, त्याच्या पुढच्यानं त्याचं. शंभर वर्षांच्या आसपास सगळी जाडजाड पुस्तकं तेच सांगत राहिली, आणि कुणीतरी पुन्हा मोजेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. तू विश्वास ठेवला नाहीस. स्वातीला घेऊन वाचनालयात गेलास. तिथंही बाराशे तीस. स्वाती म्हणते, तू तिथल्या खुर्चीत बसलास आणि बराच वेळ काहीतरी बोटांवर मोजत राहिलास. मला माहीत आहे काय मोजत होतास. बाक.

परत आलास तो निम्मा होऊन आलास. माझ्यासाठी एक बाटली आणलीस, ऱ्हाईनच्या पाण्याची, झाकण घट्ट लावलेली. म्हणालास, "तुझ्या गाडीत ठेव. लोकांना सांग गंगा हाय, नायतरी तू सांगणारच हाईस." मी ती काचेखाली ठेवली, गणपतीशेजारी.

आणि मग तू माझ्या गाडीत दुरुस्त्या करायला लागलास. मागं बसलेल्या प्रत्येकाला वळून विचारायचास, "तू माझ्या वर्गात हुतास का रे? मग लिहून घे, बाराशे तीस." बाजाराला निघालेली बाई, कडेवर पोर, मांडीवर मेथी, आणि तू तिला ऱ्हाईन दुरुस्त करून देतोयस. ती "व्हय सर, व्हय सर" म्हणायची आणि उतरल्यावर मला विचारायची, सरांची तब्येत बरी न्हाई का?

मी तुला म्हणालो, "सोड बे. नव्वद किलोमीटरनं कुणाचं काय गेलं? अंबाजोगाईहून बीडला जायचं म्हटलं तर लोक वाटेत दोनदा च्या पितात आन् विसरतात."

तू म्हणालास, "माझा एक बाक गेला, आबा. बाराव्या बाकापाशी नदी संपली हुती. तेराव्या बाकाची पोरं मी दरवर्षी जिथं जमीनच न्हाई तिथं बसवली. समुद्रात. त्यांच्या हातात तांब्या दिला आन् सांगितलं, ही नदी हाय."

"मी तर माणसांना दररोज कुठं कुठं बसवतो."

"तुझ्या थापा कुणी परीक्षेत लिहीत न्हाई."

 मी गाडी जोरात मारली.

मग तू ते काढलंस. "तूच सांग लोकांना. माझं कुणी ऐकत न्हाई, समद्यांना वाटतं म्हातारा चळला. तुझं ऐकतात. केजातला समदा माणूस तुझ्या गाडीतनं जातो. एकदा नीट, सरळ सांग. ऱ्हाईन बाराशे तीस."

आणि मी तुला खरं काय ते सांगितलं. "मुरल्या, माझं ऐकतात, मानत न्हाईत. मी बाराशे तीस म्हणालो की उद्यापासून समद्या तालुक्याला खात्री पटंल की तेराशे वीसच हाय. तुझ्याच नदीचं वाटोळं व्हईल."

तू म्हणालास, लोक इतके खुळे न्हाईत. मी म्हणालो, खुळे न्हाईत म्हणूनच मानणार न्हाईत. हा वाद पावसाळाभर चालला. ज्या दिवशी तू शेवटचा बसलास त्या दिवशीही चालला. फाटा आला. तू उतरलास. माझ्या गाडीचं डावं दार आपटावं लागतं, नाहीतर लागत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी तू ते हळू लावलंस. "एकदा तरी खरं सांगून बघ बे," म्हणालास आणि पायवाटेला लागलास. मी पुढं गेलो, दार उघडून फडफडायला लागलं. मी चडफडत थांबून ते आपटलं. मागं बघितलं तर पायवाटेवर तू नव्हतास. इतक्या लवकर तू कधी दिसेनासा होत नाहीस. सकाळी वहिनींचा फोन आला.

मुरल्या, तेव्हापासून तुझ्या फाट्यावर ते दार आपोआप उघडतं. दहा जणांनी बघितलंय. बरं, तिघांनी. बरं, मी एकट्यानं. बाकीचे आपापल्या मोबाइलमधे होते. मिस्त्री म्हणतो, खटका झिजलाय. झिजला असेल. पण मग तो नेकनूरला का उघडत नाही, केजच्या खड्ड्यात का उघडत नाही? फाट्यापाशी मी गाडी हळू करतो, दार उघडतं, मी थोडा थांबतो, आणि मग हात लांब करून ओढून घेतो. आपटत नाही. त्या सीटवर मी कुणाला बसवत नाही. लोक मागं एकमेकांच्या मांडीवर बसतात आणि पुढं सीट रिकामी. कुणी काही म्हणत नाही. एका म्हातारीनं फक्त विचारलं, "खडूचा वास कावून येतोय रं गाडीत?" मी म्हणालो, रस्त्याची धूळ हाय, मावशे.

आणि ती बाटली. झाकण तसंच घट्ट होतं, मी उघडलेलं नव्हतं, पण पाणी खाली चाललं होतं. रोज सकाळी बघायचो. आधी गळ्यापर्यंत होतं, मग खांद्याला आलं, मग कागदी पट्टीच्याही खाली गेलं. उन्हानं म्हणशील. उन्हानं असेल. पण बाटलीच्या आत काचेवर पाण्याच्या जुन्या खुणा राहिल्यात, एकाखाली एक. बाहेरून पुसून पाहिल्या, जात नाहीत. रात्री गाडी अंगणात लावली की मला वाटायचं, तू आत बसून त्यांच्यावर साल कोरतोयस.

नऊ दिवस हे असं. म्हणून दहाव्याला मला माहीत होतं की तुझं काय राहिलंय, आणि हेही माहीत होतं की माझ्या तोंडून ते निघालं की वाया जाणार.

दर्भाचा कावळा झाला, लोक चपला शोधायला लागले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. टपावर चढलो नाही, हातवारे केले नाहीत. आहे त्या जागी उभं राहून म्हणालो, "ऐका जरा. ऱ्हाईन नदी बाराशे तीस किलोमीटर हाय. सरांनी तेराशे वीस शिकवली, ती पुस्तकातली चूक हुती. एवढं सगळ्यांना सांगायचं त्यांचं ऱ्हायलं हुतं."

मागून कुणीतरी हसलं. तुझा चुलतभाऊ माझा दंड धरून म्हणाला, "आबा, आजच्या दिवशी तरी नका."

सलीम तर चिडला. "आबा, सरांनी मला कान धरून तेराशे वीस पाठ करायला लावलीय. तुमी कावून नव्वद कमी करताव?"

"मी न्हाई बाबा, जर्मनीनं केली."

"मग जर्मनीला सांगा, आमच्या सरांना इचारल्याबिगर हात लावू नका."

आता सगळेच हसले. रडून आलेली माणसं, त्यांना हसायला निमित्त हवंच होतं. बघ, मी म्हणालो नव्हतो का तुला? तेराशे वीस एकदम पक्की झाली. तेवढ्यात स्वाती म्हणाली, "खरं हाय ते. आबाकाका खरं बोलतायत. अप्पांना त्याचंच लागलं होतं."

हसू थांबलं. तुझ्या लेकीमुळं पटलं, माझ्यामुळं नाही, म्हणजे आपल्या वादात तूही हरलास आणि मीही. पण पटल्यावर जी शांतता झाली ना, तिची तुला भीती वाटत होती हे मला तिथं उभं राहून कळलं. सगळे तुझ्या पिंडाकडं बघत होते. सर चुकले होते.

मला ते सहन होईना. मी जीपकडं गेलो, बाटली आणली. तळाला चार बोटं उरलं होतं. गुरुजींचा तांब्या मागून घेतला, त्यात ओतलं आणि म्हणालो, "सरांच्या वर्गातले कोण कोण हायेत? बाकापरमाणं उभं ऱ्हावा."

वेगवेगळ्या सालांची माणसं, कुणाचं टक्कल, कुणाच्या कडेवर पोर. पण कुणाला आठवावं लागलं नाही. वाळूत रांग लागली. एका बाकाला कुणी चौघं, कुणी एकटा, आणि पाचव्याला कुणीच नव्हतं. ती जागा त्यांनी मोकळी सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. तांब्या बाझलच्या पंक्चरवाल्याकडून पुढं निघाला, मोकळ्या जागेवरून हात लांब करून त्याला पुढं घेतलं. आठव्या बाकाच्या एका बाईनं मागं वळून कड्याकडं बघितलं, तिथं कडा नव्हता. नवव्याला सलीम होता. तांब्या धरून तो "कोलोन" एवढंच म्हणाला आणि तांब्या पुढं दिला. तांब्या बाराव्या बाकापाशी आला. तिथं तो थांबला.

तेराव्याला सुमन उभी होती. दुपारी ड्युटी होती म्हणून खाकी अंगावर, खांद्याला पिशवी. तिनं दोन्ही हात पुढं केले होते.

मी म्हणालो, "सुमन, नदी तुझ्यापर्यंत येत न्हाई. सरांना त्याचंच वाईट वाटत हुतं. तुमचा बाक समुद्रात हुता."

तिनं हात खाली घेतले नाहीत. "आबा, नदी आमच्यापर्यंत कदीच आली न्हाई. वरची पोरं तांब्या हातात आला की घोट घ्यायची. उनाचे दिवस, शाळेच्या टाकीत पाणी नसायचं. सर वरडायचे, नदी पुढं जाताना वाढती रे, कमी व्हत न्हाई. तर हा सलीम म्हणायचा, सर, आमची तर कमीच व्हती."

सलीमनं मान खाली घातली.

"आमच्या बाकावर यायचा तवा तांब्या खडखडीत असायचा," सुमन म्हणाली. "मग सर खिडकीत ठेवलेली सोताची बाटली घ्यायचे आन् त्यात वतायचे. म्हणायचे, समुद्र कोरडा ठेवायचा न्हाई. दर साली. त्यांना दिवसभर तेवढंच पाणी असायचं, आमी बघायचो ना. आमाला तवाच ठाव हुतं ती नदी न्हाई म्हणून. ते सरांचं पाणी हुतं."

बाराव्या बाकावरच्या माणसानं तांब्या तिच्या हातात दिला. आज कुणी घोट घेतला नव्हता. सुमन पिंडापाशी गेली, वाकली, आणि हळूहळू शेजारच्या वाळूत तो रिकामा केला. स्वाती तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. मग सगळे निघाले. मागं बघायचं नसतं म्हणून कुणी बघितलं नाही.

म्हणजे बघ, तू नव्वद किलोमीटर खोटी शिकवलीस म्हणून झुरलास, आणि जे त्यात बसले होते त्यांना माहीत होतं की तेवढी नदी तूच होतास. हे तुला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मलाही कुठं ठाऊक होतं? मी तर खिडकीत डबा घेऊन उभा राहिलो होतो, पण दहाव्या बाकापर्यंत बघून निघून आलो. गाडी भरायची होती.

गर्दी पांगल्यावर मी जीप काढली. फाट्यावर दार उघडलं. मी थांबलो. अजूनही उघडतं, मी खटका बदलू दिलेला नाही.

पण त्याआधीचं एक आहे, काठावरचं. गावात मी ते कुणाला बोललो नाही, वहिनींनाही नाही. माझ्या तोंडातून निघालं की चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत त्याचा थवा होईल आणि कुणी मानणार नाही. गाडी वळवताना मी आरशात बघितलं. आरशात बघणं म्हणजे मागं वळून बघणं नाही, हे तूही मान्य करशील. काठ रिकामा होता. पिंडाशेजारी, सुमननं तांब्या ओतला होता त्या ओल्या वाळूवर, तो चालत आला. उडत नाही, चालत. आधी ओलाव्यात चोच घातली, मग पिंडाला.

एक होता, मुरल्या. घे, भाग दहानं.